एकाच तिजोरीतून दोन सवलती: जुगाराचा धंदा आणि घरपट्टी भरणारा रहिवासी

मार्च महिना जवळ आला की परभणी, लातूर, जालना, नांदेड अशा शहरांत मालमत्ता कराच्या वसुलीला वेग येतो. वसुली पथके गल्लोगल्ली फिरतात, मोठ्या थकबाकीदारांच्या याद्या लागतात, कुठे नळजोडणी तोडली जाते, तर कुठे दुकानाच्या गाळ्याला सील लागते. याच सुमारास नागरिकांकडून शास्तीमाफीची, म्हणजे थकबाकीवरचा दंड माफ करण्याची, मागणी होते आणि प्रशासनाकडून ठरलेले उत्तर येते, की तिजोरीत पैसा नाही, त्यामुळे सवलत परवडणार नाही. हे उत्तर बहुतेक वेळा खरेही असते. मात्र तिजोरीत पैसा का नाही याची चर्चा करताना आपण फक्त कोणी भरले नाही एवढेच पाहतो. सरकारने स्वतःहून कोणाला किती सोडून दिले, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. जगभर अनेक सरकारांनी जुगारावर चालणाऱ्या धंद्यांना सार्वजनिक पैशातून मदत केली आहे आणि ती करताना 'यातून रहिवाशांचा कर कमी होईल' असे आश्वासन दिले आहे. ही मदत कोणकोणत्या रूपात दिली जाते, आश्वासनाचे पुढे काय होते आणि मराठवाड्यातल्या सामान्य करदात्याचा त्याच्याशी काय संबंध आहे, ते येथे समजून घेऊ.

संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत कॅसिनो नाही आणि घोड्यांच्या शर्यतीचे परवानाधारक मैदानही नाही. पण राज्याची तिजोरी एकच असते. मुंबईतल्या सरकारी जमिनीचे भाडे कमी आले, तर ती तूट उदगीरच्या आणि वसमतच्या नागरिकाच्याही वाट्याला येते. शिवाय मोबाइलवरच्या जुगाराने अंतराचा प्रश्नच संपवला होता. २०२५ च्या बंदीपर्यंत गावातल्या मुलाला पत्त्यांचा डाव लावण्यासाठी कुठल्या अड्ड्यावर जावे लागत नव्हते.

सवलत किती प्रकारची असते

सरकारी मदत म्हटले की डोळ्यांसमोर धनादेश येतो. प्रत्यक्षात धनादेश हा मदतीचा सर्वांत दुर्मीळ प्रकार आहे, कारण तो अर्थसंकल्पात दिसतो आणि त्यावर सभागृहात प्रश्न विचारले जातात. मराठवाड्यातील उद्योजकांना याचे दुसरे रूप चांगले माहीत आहे. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून वेगवेगळ्या स्वरूपांत चालत आली असून, मागास तालुक्यांत कारखाना काढणाऱ्याला तीतून राज्य वस्तू व सेवा कराचा परतावा, विद्युत शुल्कातून सूट आणि मुद्रांक शुल्कमाफी असे लाभ मिळतात. यात सरकार उद्योजकाच्या हातात वेगळी रक्कम ठेवत नाही. जी त्याच्याकडून घ्यायची ती घेत नाही किंवा घेऊन परत करते. तिजोरीच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत. शंभर रुपये देणे आणि शंभर रुपये न घेणे यांत फरक एवढाच, की पहिली रक्कम खर्चाच्या बाजूला लिहिली जाते आणि दुसरी बहुतेकदा कुठेच लिहिली जात नाही.

याखेरीज आणखी दोन प्रकार आहेत आणि जुगाराच्या धंद्याच्या बाबतीत तेच अधिक महत्त्वाचे ठरतात. एक म्हणजे बाजारभावापेक्षा कितीतरी कमी भाड्याने दिलेली सार्वजनिक जमीन. दुसरा म्हणजे कराचा दर कायम ठेवून तो कोणत्या रकमेवर लावायचा, हे ठरवताना दिलेली मोकळीक. दोन्हींचा विचार पुढे येईल.

कारखान्याला दिलेली सवलत आणि जुगाराला दिलेली सवलत यांना एकाच मापाने मोजता येणार नाही, असे मला वाटते. शेंद्रा किंवा बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत येणारा कारखाना माल तयार करतो, तो बाहेर विकतो आणि बाहेरचा पैसा या भागात आणतो. निदान तशी अपेक्षा असते. जुगारात नवीन काही तयार होत नाही. दहा जणांनी लावलेला पैसा चालकाचा हिस्सा आणि कर वजा जाऊन दोघांकडे जातो, आठ जण रिकाम्या हाताने परततात. खेळणारे बाहेरगावचे असतील तर त्या गावाला काही काळ फायदा होतो. खेळणारे तिथलेच असतील तर किराणा, शाळेची फी आणि बियाण्यासाठी ठेवलेला पैसाच जागा बदलतो. या एका भेदावर पुढची सगळी चर्चा उभी आहे.

कायद्याची भूमिकाही येथे लक्षात घ्यावी लागते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पैज आणि जुगार हा विषय राज्यसूचीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये आर. एम. डी. चमारबागवाला प्रकरणात स्पष्ट केले, की जुगार हा मूलभूत अधिकाराचे संरक्षण मिळणारा व्यापार नाही. घोड्यांच्या शर्यतीला न्यायालयाने १९९६ मध्ये कौशल्याचा खेळ मानले, ही त्यातली महत्त्वाची वेगळी बाब. तरीही मुख्य मुद्दा असा, की जुगाराच्या धंद्याला सवलत नाकारली म्हणून त्याच्यावर अन्याय झाला, असे म्हणता येत नाही. सवलत द्यायची असेल तर तिचे कारण देण्याची जबाबदारी सरकारची आहे.

दोन अमेरिकी राज्यांची गोष्ट

या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट अनुभव अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दोन शेजारी राज्यांत मिळतो. तेथे शाळा आणि स्थानिक सेवा मोठ्या प्रमाणावर मालमत्ता करावर चालतात. त्यामुळे घरावरचा कर हा आपल्याकडच्या घरपट्टीपेक्षा कितीतरी जड असतो आणि तो कमी करण्याचे आश्वासन निवडणुकीत मोलाचे ठरते.

न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी हे समुद्रकाठचे, एकेकाळी गजबजलेले आणि नंतर उतरणीला लागलेले शहर. नोव्हेंबर १९७६ मध्ये तेथील मतदारांनी सार्वमताने या एका शहरापुरती कॅसिनोंना परवानगी दिली. त्यासाठी केलेल्या घटनादुरुस्तीतच लिहिले होते, की कॅसिनोंपासून मिळणारा राज्याचा महसूल पात्र ज्येष्ठ नागरिक आणि अपंग रहिवासी यांचा मालमत्ता कर, घरभाडे, वीज, गॅस अशा बिलांचा भार हलका करण्यासाठी वापरला जाईल. जुगार आणि करसवलत यांची गाठ एवढ्या उघडपणे फार थोड्या ठिकाणी बांधली गेली असेल. १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला आणि पुढची बरीच वर्षे या गाठीने काम केले. कारण साधे होते. पूर्व किनाऱ्यावर कायदेशीर कॅसिनो दुसरीकडे नव्हते, त्यामुळे फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून बस भरभरून लोक येत. पैसा बाहेरचा होता. २००६ मध्ये येथील कॅसिनोंचे वार्षिक उत्पन्न सुमारे ५.२ अब्ज डॉलरवर पोहोचले.

दरम्यान शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्याने हाच मार्ग धरला. २००४ मध्ये त्याने स्लॉट मशीनना, म्हणजे पैसे टाकून कळ दाबण्याच्या जुगारयंत्रांना, परवानगी देणारा कायदा केला. या यंत्रांच्या उत्पन्नावर ३४ टक्के राज्य कर बसवला गेला आणि त्यातला मोठा भाग घरमालकांच्या मालमत्ता करात सवलत देण्यासाठी ठेवला गेला. त्याच कायद्याने आणखी एक सोय केली. घोड्यांच्या शर्यतीच्या विकासासाठी स्वतंत्र निधी निर्माण करून स्लॉट मशीनच्या उत्पन्नाचा वेगळा हिस्सा त्यात वळवला. या निधीचा बहुतांश भाग शर्यतीतील बक्षिसांच्या रकमा वाढवण्यासाठी, काही भाग घोड्यांच्या पैदाशीसाठी आणि थोडा शर्यतीशी संबंधित लोकांच्या आरोग्य व निवृत्तिवेतनासाठी जातो. एका जुगारावरचा कर दुसऱ्या जुगारावर चालणाऱ्या धंद्याला जगवण्यासाठी वापरायचा, असा हा व्यवहार आहे.

त्याच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद मराठवाड्यातल्या वाचकाला परका वाटणार नाही. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. त्यावर घोडे पाळणारे, चारा विकणारे, नाल ठोकणारे अशा अनेकांचे पोट असते. पेनसिल्व्हेनियातील समर्थकही म्हणतात, की शर्यत बंद पडली तर तबेले, चाऱ्याची शेती, पशुवैद्यक आणि कामगार सगळेच अडचणीत येतील. हे म्हणणे खोटे नाही. पण ग्रामीण रोजगार टिकवणे हा हेतू असेल, तर तो पैसा थेट शेतकऱ्याला आणि कामगाराला देता येतो. बक्षिसाच्या रकमा फुगवून तो त्यांच्यापर्यंत झिरपण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. बक्षीस जिंकतो तो घोड्याचा मालक, तबेला झाडणारा माणूस नव्हे.

फेब्रुवारी २०२० मध्ये त्या राज्याचे गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी या निधीतील २०.४ कोटी डॉलर काढून राज्याच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्याचा प्रस्ताव मांडला. विधिमंडळात तो मान्य झाला नाही. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते, की ही रक्कम सरकारची नाहीच, ती धंद्याचीच आहे. मला हा युक्तिवाद अमान्य आहे. कायद्याने सक्तीने घेतलेला हिस्सा कर असतो, आणि एखाद्या खात्यावर 'राखीव' अशी पाटी लावल्याने त्याचे सार्वजनिक स्वरूप बदलत नाही. मात्र व्यवहारात पाटीचा परिणाम फार मोठा होतो. मालमत्ता करातील सवलत दरवर्षी उत्पन्नानुसार ठरते, तर राखीव निधीला हात लावायचा म्हटले की कायदा बदलावा लागतो आणि त्यासाठी संघटित गटाशी सामना करावा लागतो. रहिवासी लाखोंच्या संख्येत असले तरी विखुरलेले असतात. धंद्यातली माणसे मोजकी असली तरी एकत्र असतात.

पेनसिल्व्हेनियात २००६ च्या अखेरीस यंत्रे सुरू झाली आणि अटलांटिक सिटीकडे येणारे लोक आपल्याच राज्यात खेळू लागले. बाहेरचा पैसा आटला. येथून पुढची घसरण नीट पाहण्यासारखी आहे, कारण रहिवाशांच्या करावर तिचा परिणाम कसा झाला हे तिच्यात टप्प्याटप्प्याने दिसते.

उत्पन्न घटू लागल्यावर राज्याने मदतीचा हात पुढे केला. रेव्हेल नावाचा, सुमारे २.४ अब्ज डॉलर खर्चाचा कॅसिनो अर्धवट अवस्थेत अडला होता. २०११ मध्ये राज्याने त्याला २० वर्षांत २६.१ कोटी डॉलरपर्यंतच्या कर परताव्याची मंजुरी दिली. तो एप्रिल २०१२ मध्ये उघडला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये बंद पडला. पुढच्या वर्षी ती इमारत ८.२ कोटी डॉलरला विकली गेली. २०१४ या एकाच वर्षात शहरातील १२ पैकी ४ कॅसिनो बंद झाले आणि सुमारे ८,००० लोकांचे रोजगार गेले.

आता कराचा हिशेब. २०१० मध्ये शहरातील सर्व मालमत्तांचे करयोग्य मूल्य सुमारे २०.५ अब्ज डॉलर होते. पाच वर्षांत ते ७ अब्जांच्या आसपास आले. कारण त्या मूल्यात कॅसिनोंचाच वाटा सर्वांत मोठा होता आणि त्यांचा धंदा घसरताच त्यांच्या इमारतींची किंमतही घसरली. कॅसिनोंनी आपली जुनी करआकारणी जास्त होती असे म्हणत अपिले केली. बोर्गाटा या एकाच कॅसिनोला परत द्यायची रक्कम सुमारे १६.५ कोटी डॉलरवर गेली होती. २०१७ मध्ये ती ७.२ कोटींवर मिटवण्यात आली आणि ते पैसे शहराला कर्जरोखे काढून उभे करावे लागले. अग्निशमन दल, पोलीस, रस्ते यांचा खर्च तेवढाच राहिला आणि तो वाटून घेणारा मोठा करदाता नाहीसा झाला, तेव्हा उरलेला भार सामान्य घरमालकांवर आला. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याने शहराचा कारभार आपल्या ताब्यात घेतला.

त्याच वर्षी राज्याने कायदा करून कॅसिनोंचा मालमत्ता कर रद्द केला आणि त्याऐवजी सर्वांनी मिळून वर्षाला १२ कोटी डॉलरपासून सुरू होणारी, जुगाराच्या उत्पन्नाशी जोडलेली रक्कम दहा वर्षे भरावी, अशी व्यवस्था केली. या व्यवस्थेची बाजूही सांगितली पाहिजे. अपिलांची टांगती तलवार गेली आणि शहराला दरवर्षी किती पैसा येणार हे कळू लागले, हा फायदा खरा आहे. पण २०२१ च्या अखेरीस, कॅसिनो सावरल्यानंतर, त्यांनी भरायची रक्कम ठरवताना ऑनलाइन जुगार आणि क्रीडा सट्ट्याचे उत्पन्न मोजायचे नाही, अशी दुरुस्ती झाली. उत्पन्नाचा सर्वांत वेगाने वाढणारा भाग हिशेबाबाहेर गेला. घरमालकाला असा पर्याय कधी मिळत नाही. त्याच्या घराचे मूल्य वाढले की कर वाढतो.

महाराष्ट्राचा हिशेब

आपल्या राज्याने कॅसिनोच्या बाबतीत वेगळी वाट धरली. महाराष्ट्रात कॅसिनो नियंत्रण व कर कायदा १९७६ मध्ये झाला होता. तो अटलांटिक सिटीच्या सार्वमताचाच काळ. मात्र तो कधीच अमलात आणला गेला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय सरकारने घेतला. मधल्या काळात पर्यटन वाढेल, महसूल येईल, असे म्हणत तो लागू करण्याची मागणी अधूनमधून होत राहिली. ती मान्य झाली नाही, हे चांगले झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे खेळायला येणारे लोक बाहेरचे असतील याची खात्री कोणीच देऊ शकत नव्हते.

जमिनीची बाब मात्र आपल्याकडेही आहे. मुंबईतील महालक्ष्मी रेसकोर्सची सुमारे २११ एकर जागा सार्वजनिक मालकीची असून तीत मोठा हिस्सा राज्य सरकारचा आणि उरलेला मुंबई महापालिकेचा आहे. ही जागा १९१४ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने शर्यती चालवणाऱ्या क्लबकडे गेली. पट्टा मे २०१३ मध्ये संपला आणि त्यानंतर दहा वर्षे नवा करार न होताच शर्यती चालू राहिल्या. २०२४ मध्ये १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि उरलेली ९१ एकर पुन्हा ३० वर्षांच्या पट्ट्याने क्लबकडे, असा निर्णय झाला. मोकळे मैदान मोकळेच राहिले, त्यावर इमारती आल्या नाहीत, ही जमेची बाजू आहे, आणि शर्यतीच्या पैजेवर कर येतो हेही खरे. परंतु मुंबईसारख्या शहरातील ९१ एकरांचे बाजारभावाने भाडे किती होईल आणि प्रत्यक्षात किती घेतले जाते, यातला फरक हीच सवलत असते. ती कोणत्याही अर्थसंकल्पात अनुदान म्हणून छापली जात नाही.

कराच्या मोजणीत दिलेल्या मोकळिकीचे उदाहरण ऑनलाइन खेळांचे आहे. समजा एका खेळाडूने १०० रुपये जमा केले आणि कंपनीने त्यातले १० रुपये आपले शुल्क म्हणून ठेवले. ऑक्टोबर २०२३ पूर्वी या कंपन्या आपण कौशल्याचे खेळ चालवतो असे सांगून फक्त त्या १० रुपयांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर भरत. म्हणजे १०० रुपयांच्या उलाढालीतून सरकारकडे १ रुपया ८० पैसे जात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला, म्हणजे त्याच १०० रुपयांवर २८ रुपये. कंपन्यांचा आक्षेप असा होता, की इतर अनेक देशांत चालकाच्या निव्वळ उत्पन्नावरच कर घेतला जातो. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मला येथे दाखवायचे आहे ते एवढेच, की कराचा दर ऐकून त्याचा भार कळत नाही. तो कशावर लावला जातो ते विचारावे लागते. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनो, शर्यत आणि लॉटरी यांवरचा दर ४० टक्के झाला, आणि त्याआधीच ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्या वेळी सरकारने दिलेल्या अंदाजानुसार देशातील सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी २०,००० कोटी रुपये गमावत होते. यात महसूल सोडून देण्याचा निर्णय सरकारने उघडपणे घेतला. वस्तू व सेवा कराचा तो पैसा गेला खरा, पण तो ज्या घरांतून येत होता तिथे राहिला.

राज्याची स्वतःची लॉटरीही आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून वित्त विभागामार्फत चालते. मटक्यासारख्या बेकायदा जुगाराकडून लोकांना वळवणे आणि कल्याणकारी कामांना पैसा मिळवणे, ही अशा लॉटरीमागची भूमिका असते. तिकिटाच्या पैशातून चांगली कामे होतात, यात शंका नाही. पण तिकीट घेणारा कोण, हे कोणत्याही बसस्थानकाजवळच्या टपरीवर उभे राहून पाहावे. हमाल, रिक्षाचालक, निवृत्त शिपाई यांच्या खिशातून आलेला पैसा जर घरमालकाच्या करसवलतीसाठी वापरला, तर ज्याच्या नावावर घरच नाही त्याने घर असलेल्याचा कर भरल्यासारखे होईल. पेनसिल्व्हेनियातील योजनेचा हाच सर्वांत मोठा दोष मला दिसतो, कारण सवलत घरमालकाला मिळते आणि यंत्रापुढे बसणाऱ्यांत भाड्याच्या घरातलेही असतात.

जिंकणाऱ्यालाही सरकार मोकळे सोडत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या कर प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागणार नाही अशी सवलत दिली, पण लॉटरीच्या किंवा पैजेच्या बक्षिसाला ती लागू नाही. तिथे पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्यावर उपकर द्यावा लागतो, हरलेली रक्कमही वजा करता येत नाही. त्यामुळे सवलतीचा लाभ खेळणाऱ्याला होतो असा समज असेल तर तो सोडून दिला पाहिजे.

रहिवाशाची सवलत किती अवघड

आता मालमत्ता कराचे बिल हातात घेऊ. त्यावर सामान्य कर असतो, वृक्ष कर आणि अग्निशमन कर असतो, अनेक ठिकाणी पाणीपट्टी असते. त्यांच्या खाली शिक्षण कर आणि जागा बिगरनिवासी असेल तर रोजगार हमी कर येतो. हे दोन्ही पालिकेचे नसतात, राज्याच्या कायद्यानुसार पालिका ते गोळा करून राज्याकडे भरते. त्याखाली मागील थकबाकी आणि शेवटी शास्ती. शास्तीचा दर दरमहा २ टक्के आहे. म्हणजे ४,००० रुपये थकले तर महिन्याला ८० आणि वर्षाला ९६० रुपये वाढतात. चार-पाच वर्षे घर बंद राहिले, मालक पुण्याला कामाला गेला, वारसांत वाद झाला, की शास्ती मूळ कराच्या बरोबरीला येते. शास्तीत सूट देणारी अभय योजना आली तर दिलासा मिळतो. पण ती नियमाने मिळत नाही, जाहीर होण्याची वाट पाहावी लागते, आणि वेळेवर भरणाऱ्याला तिच्यातून काहीच मिळत नाही.

सवलतीतही भौगोलिक भेद आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला. निर्णय चांगला होता. परंतु हिंगोलीच्या ४०० चौरस फुटांच्या घराला तो लागू नाही, कारण हिंगोलीच्या पालिकेला तेवढा महसूल सोडणे झेपणारे नाही आणि राज्याने तिच्या बदल्यात भरपाई द्यायची असे ठरलेले नाही. श्रीमंत शहराला सवलत परवडते आणि गरीब शहराला परवडत नाही, त्यामुळे जिथे गरज जास्त तिथे दिलासा कमी, अशी ही स्थिती आहे.

शेतकऱ्याच्या सवलतीची वाट तर याहून लांब. सरकारने तालुका किंवा महसूल मंडळ आपत्तिग्रस्त जाहीर केल्याशिवाय जमीन महसुलात सूट, कृषिपंपांच्या वीजबिलात सवलत, परीक्षा शुल्कमाफी यांपैकी काहीच हाती पडत नाही. पंचनामा होतो, तलाठ्याचा अहवाल जातो, नुकसान टक्क्यांत मोजले जाते. सार्वजनिक पैसा देताना असा पुरावा मागणे योग्यच आहे. माझी मागणी एवढीच, की पिकाच्या नुकसानीला जो काटेकोरपणा लावला जातो तो धंद्याला दिलेल्या प्रत्येक सवलतीला लावला जावा. किती रोजगार निर्माण झाले, किती पैसा बाहेरून आला, आणि ते झाले नाही तर सवलत परत घेण्याची तरतूद काय, हे दरवर्षी छापले गेले पाहिजे.

हे अशक्य नाही. केंद्र सरकार २००६-०७ पासून आपल्या अर्थसंकल्पाबरोबर करसवलतींमुळे सोडलेल्या महसुलाचे विवरण प्रसिद्ध करते. राज्याच्या आणि पालिकांच्या पातळीवर जमिनीचे भाडेपट्टे, शुल्कमाफी आणि राखीव निधी यांचाही असाच तक्ता मागता येतो, आणि ज्या खात्याचा पट्टा असेल तिथे माहिती अधिकारात भाडेकराराची प्रत व प्रत्यक्ष भरणा यांची माहिती मिळवता येते. गावात राहणाऱ्याने ग्रामपंचायतीत नमुना ८ मधील आपल्या घराची नोंद आणि नमुना ९ मधील मागणी ताडून पाहावी. नगरपालिकेच्या हद्दीत चार वर्षांनी फेरआकारणी होते, तिची नोटीस लागते आणि ठरावीक मुदतीत लेखी हरकती घेतल्या जातात. हरकत नोंदवताना बहुतेक लोक फक्त आपल्या घराचे क्षेत्रफळ आणि दर यांविषयी लिहितात. त्याच अर्जात पालिकेच्या मालकीचे गाळे, मैदाने आणि खुल्या जागा कोणाला, किती वर्षांसाठी व किती भाड्याने दिल्या आहेत याची यादी मागता येते. ती यादी आणि घरपट्टीचा प्रस्तावित दर एकाच सुनावणीत शेजारी ठेवला, तर दर वाढवण्याआधी भाडे का वाढवले नाही, याचे उत्तर अधिकाऱ्याकडे लेखी मागता येईल.